बर्फाची गाडी आणि मंदाची मशीन

बायकोचा फोन आला म्हणून गाडी मागे फिरवली आणि त्यात माझा बर्फ वितळला, ही गोष्ट मी गावभर हसतहसत सांगितली. तिच्यासमोर सांगितली. ती माझी चूक.

बाकीचं सगळं या चुकीचं शेपूट आहे. ज्यांच्या घरात ऑक्सिजनची मशीन आली आहे किंवा येऊ घातली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही. मला फक्त माझा मूर्खपणा बारकाईने ठाऊक आहे, तो सांगतो. कुणाच्या उपयोगी पडला तर पडला.

माझं नाव जनार्दन, गावात जना. पोशीरला घर, थोडं भात, आणि धंदा बर्फ पोचवायचा. खोपोलीकडच्या कारखान्यातून सकाळी लाद्या भरायच्या, वर गोणपाट आणि भाताचं तूस टाकायचं, आणि कर्जत, नेरळ, कशेळ्याचे मच्छीवाले करत करत फार्महाउसं गाठायची. आधी डिझेलचा टेंपो होता. दोन वर्षांपूर्वी तो काढून विजेवर चालणारा छोटा ट्रक घेतला. आमच्या गावातला पहिलाच. आवाज नाही, धूर नाही. म्हातारी माणसं म्हणायची, "जना, भुतावानी येतोस रं मागनं, हारन तरी मार!"

वय झालं तुझं

मंदाला दम लागायला लागला तेव्हा मी तिला म्हणालो, "वय झालं तुझं." ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान.

विहिरीवरून यायची ती मध्ये दोनदा थांबायला लागली, मग पाचदा. खोकल्याची औषधं झाली, काढे झाले, कुणी सांगितलं म्हणून कसल्याशा पाल्याचा रसही झाला. शिमग्याच्या सुमाराला मुलगी स्वाती आली, आईकडे बघून घाबरली आणि तिनेच आम्हाला पनवेलच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. विचारलं, "या बाई विड्या वगैरे ओढतात का?"

मी म्हणालो, "नाही साहेब, त्यांच्या वाटणीच्या मीच ओढतो."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांचं मला काही वाटलं नाही. पण एकतीस वर्षं माझ्या प्रत्येक फालतू विनोदाला सवयीने हसणारी मंदाही हसली नाही.

त्यांनी सांगितलं ते एवढंच कळलं, की फुप्फुसं कडक होत चालली आहेत, झालेली परत मऊ होत नाहीत, औषधाने चाल मंदावेल. आणि घरी ऑक्सिजनची मशीन लावायची. आता जास्तीत जास्त वेळ, पुढेपुढे सगळा वेळ.

"घरी लाइट असते ना?"

"असते की," मी म्हणालो.

आमच्याकडे 'असते' या शब्दात पुष्कळ काही बसतं.

परत येताना गाडीत मंदाने विचारलं, "किती वर्सं म्हनले वो?" डॉक्टरांनी आकडा सांगितला नव्हता, पण न सांगताही सांगितला होता. मी तिला रस्त्याकडेचे नवे बंगले दाखवले. हा कुणाचा, तो कुणाचा, ह्याच्या तलावात पाणीच नाही, त्याचा कुत्रा बर्फ खातो. चौक गावापासून कर्जतपर्यंत मी थांबलो नाही. तिने पुन्हा विचारलं नाही.

त्या दिवशी मी विडी सोडली. संध्याकाळपर्यंत. दुसऱ्यांदा सोडली ती मशीन घरात आली तेव्हा. ऑक्सिजनजवळ काडी ओढली तर आपण, बायको आणि छप्पर एकदमच जातो, असं मशीनवाल्याने समजावलं. असं कुणी आधी समजावलं असतं तर बरं झालं असतं.

वायर

मशीन साधारण घागरीएवढी, खाली चाकं. दिवसभर घुर्र फुस्स, घुर्र फुस्स. नळी नाकाला. बोटाला चिमटा लावला की आकडा दिसतो. नव्वदच्या वर म्हणजे ठीक. नळी काढून ती चुलीपाशी जाऊन आली की चौऱ्याऐंशी. म्हणून एक छोटा सिलिंडरही आणून कोपऱ्यात उभा केला, अडीअडचणीला.

पहिल्याच आठवड्यात लाइट गेली, आणि मला माझ्या ट्रकची आठवण झाली. गाडीच्या मागच्या फाळक्याजवळ घरातल्यासारखा प्लग आहे. घेताना शोरूमवाल्याने दाखवला होता, दिवे लावा, वजनकाटा लावा, म्हणून. एवढ्या मोठ्या बॅटरीवर अख्खं घर का चालू नये? मी वायरीच्या दोन्ही टोकांना पिन लावायला घेतल्या. एक टोक गाडीत, एक भिंतीच्या प्लगात. डोकं बघा माझं.

नशीब, नेरळचा मुनाफ इलेक्ट्रिशियन बाजूच्या घरी पंखा बसवत होता. तो खिडकीतून बघून नुसता किंचाळला. धावत आला, वायर हिसकावली आणि म्हणाला, "जनाभाऊ, हा करंट उलटा बाहेरच्या तारेत जातो, वायरमन खांबावर चढला असेल तर? तुमची बायको श्वास घेईल आणि त्याची बायको रांडव होईल! ही असली वायर बनवतात का कुठं?"

त्याने जाड वायर आणली, एका टोकाला पिन, दुसऱ्याला पेटी. भिंतीला हात लावायचा नाही. ट्रक अंगणात लावायचा, वायर खिडकीतून आत, पेटीत फक्त मशीन. मी विचारलं, "टीव्ही?" तो म्हणाला, "तुम्ही बोलता ना दिवसभर, टीव्ही कशाला?"

ते पहिले दिवस सांगायला हवेत. लाइट गेली की आमच्या खिडकीतून तेवढी घुर्र फुस्स चालू. मंदा पलंगावर नळी लावून पाटलिणीसारखी बसलेली आणि आळीतल्या बायका मोबाइल घेऊन दारात. पेटीत एक भोक शिल्लक होतं. मंदा नंबर लावायची. "आदी हिराकाकूचा. तुजा गेल्या टायमाला झाला ना गं?" हिराकाकू म्हणजे शेजारची, सत्तरीची, मला नागडा असल्यापासून ओळखणारी. ती म्हणायची, "मंदे, तू तर लाइटीची मालकीन झालीस." मंदा हसायची, मग खोकायची, मग पुन्हा हसायची. आजारपणात असं काही मिळालं तर घट्ट धरून ठेवा. आम्हाला तीन आठवडे मिळालं.

मोहोपाडा

अडचण कुणालाही दिसावी अशी होती. गाडी रात्री अंगणात असायची, पण दिवसा बर्फ घेऊन फिरायची, आणि लाइट काही मला विचारून जात नव्हती.

स्वाती मोहोपाड्याला असते. जावई कंपनीत, राहायला कॉलनीत. ती म्हणाली, "बाबा, आईला माझ्याकडे पाठवा. आमच्याकडे लाइट जातच नाही. गेली तरी कॉलनीचं जनरेटर लगेच चालू होतं."

मंदा भिंतीला टेकून बसली होती. तिने स्वातीकडे बघितलं, नळी नीट केली, तोंड उघडलं.

मी म्हणालो, "अगं, इथं बापाचं चाकावरचं वीजघर असताना जनरेटर कसलं सांगतेस? लाइट गेली की हिने फोन करायचा. मी अर्ध्या तासात हजर. तोवर सिलिंडर आहेच. आणि तिथं तिसऱ्या मजल्यावर करमणार आहे का हिला? हिला अंगण लागतं, शेजार लागतो. काय गं?"

मंदाने मान हलवली. स्वाती गेली. मला वाटलं, प्रश्न सुटला.

बर्फ

वैशाखातली दुपार. गाडीत बारा लाद्या. एका फार्महाउसवर लग्न होतं, तिथे द्यायच्या होत्या. कशेळ्याच्या पुढे पोचलो तर मंदाचा फोन. "लाइट गेली वो." मागून तिचा श्वास ऐकू येत होता. मी गाडी फिरवली. खोटं कशाला सांगू, तेव्हा मी एक क्षणही बर्फाचा विचार केला नाही. ते माझ्या खात्यावर असू दे.

घरी आलो, वायर लावली, मशीन चालू झाली. लाइट येईना. एक तास, दोन तास. मी ओट्यावर बसून फाळक्यातून गळणारं पाणी बघत होतो. अंगणात ओहोळ झाला. कोंबड्या येऊन पाणी प्यायल्या. चार तासांनी लाइट आली तेव्हा लाद्यांच्या जागी भिजलेली गोणपाटं आणि तरंगणारं तूस. लग्नवाल्याने फोनवर माझ्या सात पिढ्या थंड केल्या आणि पुढे बर्फ दुसरीकडून घेतला.

मोठं नुकसान नव्हतं. गोष्ट मात्र फार चांगली होती, आणि चांगली गोष्ट मला पोटात राहत नाही.

हिराकाकूच्या नातवाची हळद होती. मांडव भरलेला, वडे तळले जात होते. मंदाला खुर्चीवर आणून बसवलं होतं, सिलिंडर शेजारी. मी उभा राहिलो आणि सुरू झालो. मंदाचा फोनवरचा आवाज काढून दाखवला, "ला... इट... गे... ली... वो." लग्नवाल्याच्या शिव्या काढून दाखवल्या. कोंबड्यांना सर्दी कशी झाली ते दाखवलं. "एकीकडं हिची हवा, एकीकडं माजा बरफ! हिनं श्वास घेतला का माजी लादी वितळली!" मांडव लोळला. मंदाही हसली. हसताहसता खोकली, डोळ्यांतून पाणी आलं, पदराने पुसलं. मला वाटलं, हसण्याचंच पाणी.

ही गोष्ट मी कर्जतच्या स्टँडवर सांगितली, कशेळ्याच्या बाजारात सांगितली, बर्फाच्या कारखान्यात तर दोनदा सांगितली. प्रत्येक वेळी मंदाचा आवाज जास्त चांगला जमत गेला.

बरे दिवस

त्यानंतर फोन आला नाही.

पाऊस सुरू झाला. दर वर्षी या दिवसांत आमच्याकडे लाइटीचा पत्ता नसतो. या वर्षी फोनच नाही. संध्याकाळी येऊन विचारायचो, "काय, लाइट?" ती म्हणायची, "होती." सिलिंडरचा काटा होता तिथेच. मी खूश. बर्फ वेळेवर, गाडीची बॅटरी भरलेली. मी लोकांना सांगायला लागलो, की वीजवाले सुधारले, बघा, पोशीरची लाइन पक्की केली. काही जण विचित्र नजरेने बघायचे. मला वाटायचं, दुसऱ्याचं चांगलं बोललेलं लोकांना खपत नाही.

मंदा वाळत चालली होती. पाय सुजायचे. मी म्हणायचो, पावसाळी हवा. तिचं बोलणं कमी झालं होतं. मी माझं वाढवलं, घर रिकामं वाटू नये म्हणून.

नाक्यावरचा चहा

भादवा लागायच्या आधीची दुपार. त्या दिवशी बर्फ लवकर संपला. परत येताना नाक्यावर टपरीपाशी लाइनवरचा वायरमन भेटला. मी त्याला बळंच बसवलं. "दादा, चहा माझा. तुमच्यामुळं यंदा आमची लाइट गेली नाय बघा."

तो म्हणाला, "काका, टिंगल करताव काय?"

"टिंगल कशाला?"

"आवो, काल चार तास बंद हुती. परवा अख्खी दुपार. या म्हयन्यात एक दिवस नाय का गेली नाय. आता बी बंदच हाय, फांदी पडलीय तारंवर. वर बघा की जरा."

मी वर बघितलं. टपरीतला पंखा बंद होता. मी दहा मिनिटं त्याच्याखाली बसून बोलत होतो.

घरापर्यंत गाडी कशी आणली ते आठवत नाही. मशीन गप्प होती. मंदा खिडकीचे गज धरून बसलेली, नाकात नळी तशीच, दोन्ही खांदे वर, तोंड उघडं. ओठ जांभळासारखे. हिराकाकू तिच्या पाठीशी बसून सुपाने वारा घालत होती. मला बघून काकूचा हात थांबला.

मी वायर लावली. पिन भोकात तिसऱ्या खेपेला गेली. मशीन चालू झाली. चिमट्यात एकाहत्तर. मग पंचाहत्तर. किती तरी वेळाने ऐंशी. तिच्या मानेची शीर थोडी खाली बसली तेव्हा मी विचारलं, "मंदे, फोन का नाय केलास?"

तिने एक श्वास घेतला, दुसरा घेतला. मग म्हणाली, "आज बरफ नवता का गाडीत?"

गाडीत काहीच नव्हतं. रिकामी गाडी घेऊन मी नाक्यावर चहा पीत होतो.

सिलिंडर का उघडला नाहीस, असंही मी विचारलं.  त्याचं उत्तर मला नंतर उमगलं. काटा उतरलेला दिसला असता तर मी विचारलं असतं, आणि मग दुसऱ्या दिवशी मी बर्फ आणायला गेलो नसतो.

भिंतीतली हवा

त्याच संध्याकाळी पनवेलला नेलं. डॉक्टर म्हणाले, कमी ऑक्सिजनवर बरेच दिवस काढलेत, हृदयावर ताण आला आहे. मी विचारलं, "फोन करत असती तर?" ते म्हणाले, "हा आजार थांबणारा नव्हताच." मग चष्मा पुसत म्हणाले, "पण थोडे महिने जास्त मिळाले असते." त्यांनी खोटं बोलायला हरकत नव्हती. तसं मी आयुष्यभर लोकांशी बोललो आहे.

दवाखान्याचे अकरा दिवस म्हणजे एक दिवस अकरा वेळा. सकाळी फरशी पुसायचा वास, मग सुई, मग पातळ खिचडी, मग बारा वाजता सगळ्या नातेवाइकांना बाहेर हाकलणं. एक मावशी होत्या, त्या रोज मंदाची वेणी घालायच्या. त्यांचं ते काम नव्हतं. नळीचा पट्टा कानामागे काचला होता, तिथे कापसाची घडी ठेवायची हेही त्यांनीच शिकवलं. तुमच्या घरी मशीन असेल तर आजच ठेवा.

हवा भिंतीतल्या नळातून यायची. मंदा त्या नळाकडे खूप वेळ बघायची. एकदा म्हणाली, "हितं लाइट नाय ना जात?"

"नाय जात."

"मग तुमी जावा धंद्याला."

मी गेलो नाही. अकरा दिवस गाडी दवाखान्याच्या फाटकाशी उभी. तिथला रखवालदार रोज भांडायचा, गाडी काढा, म्हणून. अकराव्या दिवशी सकाळी त्याने वरपर्यंत माणूस पाठवला, रुग्णवाहिकेला वाट अडते आहे. मी खाली गेलो, गाडी पुढच्या गल्लीत लावली, त्याला दोन शब्द सुनावले, वर आलो. पडदा ओढलेला होता. स्वाती आत होती. मावशी वेणीचा रबर हातात घेऊन भिंतीशी उभ्या होत्या.

ओटा

मशीन भाड्याची होती, ती परत गेली. वायर मी गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

वाचणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. गाडीवर घर चालवता येतं, छान चालतं. पण जी गाडी सकाळी निघून जाते, तिच्या भरवशावर कुणाचा श्वास ठेवू नका. आणि लाइट गेली होती का, हे आजारी माणसाला विचारू नका, शेजाऱ्याला विचारा. आजारी माणूस घरातली सगळी गणितं तुमच्या आधी करून बसलेला असतो.

तेराव्याच्या दिवशी माणसं जेवून ओट्यावर बसली होती. कुणी बोलत नव्हतं. ती शांतता मला सोसवेना. मी रखवालदाराची गोष्ट सुरू केली. त्याची ती मिशी, शिट्टी, "ओ बर्फवाले, निघा." आवाज काढला. एकदोघे हसले. स्वाती उठून आत गेली.

लोक पांगले. हिराकाकू राहिली, सुपारी कातरत. मी तिच्या शेजारी बसलो. आत इतके दिवस साचलेलं तिच्यावर काढलं.

"काकू, तू रोज तिच्यापाशी होतीस. डोळ्यांनी बगत होतीस. मला सांगायचं नाय?"

"तिनं शपत घातलेली."

"कशाची?"

"तुजीच."

मी तरीही थांबलो नाही. "मग तिनं तरी सांगायचं. मी काय खाल्लं असतं तिला? स्वातीकडं जायचंय म्हनली असती, तर त्याच दिवशी गाडीत घालून नेलं असतं. घरातल्या घरात एवडं सांगता येऊ नये मानसाला?"

काकूने अडकित्ता खाली ठेवला.

"लय येळा तोंड उगडलं तिनं," ती म्हणाली. "येक शबुद काडायला तिला दोन दम घ्यावं लागायचं रं. तू गप कवा बसलास?"